माळ उतरेपर्यंत

नलू, तू असतीस तर कालच तुला ट्रंक कॉल लावला असता. पोस्टातल्या बाकावर लाइनची वाट बघत बसले असते आणि तुझा आवाज आल्या आल्या म्हटलं असतं, "कार्टे, कुठे नेऊन ठेवलंस मला?" त्यावर तू विचारलं असतंस, जेवलीस का. समोरचं माणूस चिडून बोलायला लागलं की त्याच्या जेवणाची चौकशी करायची, ही तुझी हॉस्टेलपासूनची युक्ती. अर्धा राग तिथंच उतरायचा, आणि उरलेला अर्धा कशाबद्दल होता ते आठवेपर्यंत विषय बदललेला असायचा.

आषाढात तू गेलीस. आता भाद्रपद लागलाय, खाचरांत भात गुडघ्याला आलंय आणि आपल्या दोघींचा तो ताप दरवर्षीसारखा आलाय. तुझ्याशिवायचा हा पहिलाच हंगाम. रडून झालंय माझं, तेव्हा घाबरू नकोस. भांडायचं तेवढं राहिलंय.

पेपरात तुझ्यावर जे छापून आलं ते मी वाचलं. पदव्या, परदेशातल्या समित्या, कुठल्या कुठल्या देशांच्या सरकारांना दिलेले सल्ले. सगळं खरंच आहे, पण त्यातली बाई मला ओळखीची वाटेना. उंदरांपासून होणाऱ्या तापावर निम्मं आयुष्य घालवलेली ही थोर शास्त्रज्ञ उंदीर दिसला की किंचाळून ओट्यावर चढते, हे कुणी लिहिलेलं नाही. भिवपुरीला वीजघराच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो तेव्हाची गोष्ट. तू पाय वर घेऊन ओट्यावर बसलेलीस, आणि आमचे हे हातात सापळा घेऊन खालून म्हणताहेत, "उतरा आता डॉक्टर, पाहुणे गेले." सापळ्यातल्या उंदराची मूत्रपिंडं काढून तपासायला तुला काही वाटायचं नाही. जिवंत उंदीर तेवढा नको. मी हसायचे तर म्हणायचीस की भीती ही वेगळी गोष्ट आहे आणि काम ही वेगळी. पुढे मला कळलं की तुझ्या बाबतीत ते काही तितकंसं वेगळं नव्हतं.

मुंबईला कॉलेजात आपण एका खोलीत राहिलो ती वर्षं आठवली की अजून नवल वाटतं, आपली मैत्री टिकली कशी. मला सगळं पटपट हवं असायचं. रोग ओळखा, औषध द्या, माणूस घरी पाठवा, पुढचा बोलवा. तुझं तिथंच अडायचं. बरा होऊन घरी गेलेल्या माणसाचा पत्ता काढून तू त्याच्या चाळीत जायचीस, त्याला नक्की काय झालं होतं ते विचारायला. लोकांना वाटायचं, बिल राहिलं असेल. बरा झालेल्या पेशंटच्या मागे धावणारी डॉक्टर मी तुझ्याशिवाय दुसरी पाहिली नाही. मी लग्न करून इकडे आले, कर्जतच्या बाजारात दवाखाना टाकला. तू परदेशात शिकून परत आलीस आणि मुंबईत एका प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेतलंस. वर्षाकाठी एकदोनदा भेट व्हायची. तुझ्या अंगाला फिनेलचा वास आणि माझ्या अंगाला लहान पोरांच्या औषधांचा.

मग तो ताप. दरवर्षी लावणी उरकली की पंधरवड्यात माझ्याकडे एकाच तऱ्हेची माणसं यायला लागायची. अंगात फणफणून ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. मग डोळे पिवळे, आणि ज्याचं नशीब वाईट त्याची लघवी बंद. सगळी चिखलात राबणारी माणसं, पायांच्या बोटांत चिखल्या झालेली. मी तुला एकदा नुसतं बोलता बोलता सांगितलं आणि तू हातातला घास तसाच खाली ठेवलास. तुझा अंदाज तिथंच ठरला होता. बांधावरचे उंदीर खाचरातल्या पाण्यात मुततात आणि चिखल्यांवाटे तो रोग माणसात शिरतो. पण तुझ्या धंद्यात अंदाजाला किंमत नाही. तुला पुरावा हवा होता, आणि पुरावा होता रक्तात.

एकदा रक्त घेऊन भागत नाही, हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. आजाराच्या पहिल्या दिवसांत घेतलेल्या रक्तात काही दिसत नाही. शरीर रोगाशी झगडलं की त्याची खूण रक्तात उमटायला दोनेक आठवडे जातात. म्हणून त्याच माणसाचं रक्त पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायची. पहिल्यात नव्हतं ते दुसऱ्यात आलं की रोग सापडला. पहिलं रक्त माझ्या दवाखान्यात सहज मिळायचं. तापानं बेजार झालेला माणूस हात पुढे करतो. दुसरं रक्त मात्र खणखणीत बऱ्या झालेल्या माणसाकडे मागायचं होतं.

माझे बहुतेक पेशंट खैरपाड्याचे. त्या पहिल्या पावसाळ्यात तू तिथल्या घराघरांतून हिंडलीस ते मी विसरणार नाही. कर्जतहून खालापूरच्या रस्त्यानं जायचं, फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि आत बांधाबांधानं चालायचं. खांद्याला बर्फ भरलेला थर्मास, पायात कधी दोन चपला तर कधी एकच, कारण दुसरी चिखलानं खाल्लेली. आणि प्रत्येक दारात एकच सवाल, आता बरा हाय मी, मंग रगत कशाला? एका बाईनं तर तुझ्या तोंडावर दार लावलं. तू त्या लावलेल्या दाराला म्हणालीस की उद्या येते. गावात तुझं नाव पडलं रक्तवाली बाय. हंगाम संपला तेव्हा तुझ्याकडे पहिल्या रक्ताच्या कितीतरी बाटल्या होत्या आणि दुसऱ्याची एकही नव्हती.

या सगळ्याला कारण गोमा, हे मीच तुला सांगितलं. खैरपाड्याचा गोमा आप्पा, काविळीची माळ घालणारा. डोळे पिवळे दिसले की गाव आधी त्याच्याकडे जायचं. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे तुकडे तो दोऱ्यात गाठी मारून ओवायचा आणि ती माळ मुकुटासारखी डोक्यावर ठेवायचा. ती दिवसेंदिवस लांबत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. मग ती वाहत्या पाण्यात सोडायची. माळ अंगावर असेपर्यंत रक्त काढायचं नाही, आणि माळ सोडल्यावर तर मुळीच नाही, कारण मग गेलेली कावीळ परत आत शिरते, असा त्याचा कायदा. डोळे पिवळे झालेली माणसं माझ्याकडे परत यायची ती माळेनं हात टेकल्यावर. लघवी बंद झालेली, पोट फुगलेलं. मला त्या माणसाचं नाव काढलं तरी संताप यायचा.

म्हणून मी माझा प्रयोग केला. शास्त्रज्ञ काय तूच एकटी? एका पेशंटच्या भावाकरवी ताजी माळ आणवली आणि दवाखान्यातल्या सलाइनच्या स्टँडला घातली. काड्या सुकत गेल्या, गाठी सैल होत गेल्या, आणि माळ कुणालाही बरं न करता आरामात खाली उतरली. लोखंडाच्या दांड्याची कावीळ बरी झाली. मला इतका आनंद झाला की तो स्टँड उचलून खैरपाड्याच्या देवळासमोर उभा करायचा, असं मी ठरवलं. तू रविवारी आलीस, तुला तो दाखवला. तू हसली नाहीस. माळेला बोट लावून बघितलंस, वास घेतलास आणि विचारलंस, "उतरायला किती दिवस लागले?"

मी म्हटलं, दोन आठवडे, थोडं इकडेतिकडे. पावसाळी हवेत काड्या सावकाश सुकतात. तू एकदम खुर्चीत बसलीस. मला तुझं ते तोंड अजून दिसतं. मी त्या माळेकडे फसवणूक म्हणून बघत होते आणि तू कॅलेंडर म्हणून. जितके दिवस रक्तात खूण उमटायला हवे होते, तितकेच दिवस ती माळ घेत होती. खैरपाड्यात तारखा कुणी मोजत नव्हतं, माळ मात्र घरातलं प्रत्येक माणूस रोज बघत होतं.

दुसऱ्या दिवशी तू मला ओढत गोमाच्या अंगणात नेलंस. मी तोंड वाकडं करून उभी, आणि तू त्याच्या शेजारी बसून गाठ मारायला शिकतेयस. तुझ्या गाठी बघून तो मनापासून हसला. माणूस तसा होताही रंगेल. मिशीला पीळ, डोक्याला पांढरी टोपी आणि स्वतःच्या माळेबद्दल भलता अभिमान. बोलता बोलता तू तुझं म्हणणं मांडलंस. माळ घालायच्या आधी माणूस या डॉक्टरणीकडे पाठवा, ती थोडं रक्त घेईल आणि औषधाची सुई देईल. मग घाला माळ. माळ छातीवर उतरली की पाण्यात सोडायच्या आधी मी पुन्हा थोडं रक्त घेईन. गोमानं बराच विचार केला. औषध आत घालायला हरकत नाही, रक्त बाहेर काढायचं तेवढं माळेच्या आधी आणि माळेच्या शेवटी, हे त्याला पटलं. मग त्यानं तुझ्याकडे सरळ बघून विचारलं, "पन बाय, तुमचा माझ्या माळंवर इस्वास हाय का?"

तू म्हणालीस, "तुमची माळ वेळेवर उतरते, आप्पा, यावर माझा पक्का विश्वास आहे."

तो खूश झाला. मी मात्र परतीच्या वाटेवर बांधावरच तुझ्यावर तुटून पडले. असलं उत्तर वकिलाला शोभतं, डॉक्टरला नाही, असं म्हटलं. माणूस बरा होणार माझ्या पेनिसिलिननं, आणि नाव होणार माळेचं. उद्या तू नसशील तेव्हा यांना सुई आठवणार नाही, माळ तेवढी आठवेल. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस की श्रेय कुणाला जातंय ते लघवी सुरू झालेल्या माणसाला विचारू नये. मी विचारलं, त्याला खरं कधी सांगणार? काम झालं की सांगू, म्हणालीस. आणि मला बजावलंस की तोवर तूही गप्प राहायचंस.

मी, आणि गप्प! पण राहिले, नले. तुझ्यासाठी राहिले.

काम झालंसुद्धा. पुढच्या हंगामात माळा उतरत गेल्या आणि तुझी दुसऱ्या रक्ताची पेटी भरत गेली. तुझा अंदाज खरा ठरला. मला त्यातलं सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की भाद्रपदात माझ्या दवाखान्यातून मुंबईला धाडावी लागणारी माणसं दिसेनाशी झाली, कारण आता ती पहिल्या दुसऱ्या दिवशीच सुईला यायची. गोमा त्याच्या कायद्याला पक्का. कुणी परस्पर माळ मागायला आला की त्याला हाकलायचा, "आदी बायची सुई घेऊन ये." त्याची कीर्ती वाढत गेली. खालापूरच्या पलीकडून, रसायनीच्या कारखान्यांच्या वस्तीतून लोक त्याच्या माळेसाठी यायला लागले. का नाही येणार? त्याच्या माळेचा माणूस दगावतच नव्हता. एक बरा झालेला शेतकरी मला दोन काकड्या देऊन गेला आणि गोमाला कोंबडा. मी तुला हे चिडून कळवलं, तर तू उलट विचारलंस, काकड्या कोवळ्या होत्या का?

तू मोठी होत गेलीस, लांब लांब जायला लागलीस, तरी भाद्रपदात एकदा खैरपाड्याला यायचं चुकवलं नाहीस. लोकांना पाण्याचं, उंदरांचं, चिखल्यांचं सगळं समजावून सांगायचीस. माळेचं तेवढं सांगायची नाहीस. दरवर्षी परतताना मी विचारायचे, आज सांगितलंस? दरवर्षी तुझं उत्तर वेगळं. आज त्याच्याकडे पाहुणे होते. आज त्याची नात आजारी होती. तू गेल्यावर तुझी एक विद्यार्थिनी मला भेटली. ती सांगत होती की बाई कुठल्याही देशात गेल्या की पहिला प्रश्न एकच विचारायच्या, आजारी पडल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी कुणाकडे जाता? आणि मग तिथं जाऊन बसायच्या. मला हसू आलं आणि भरूनही आलं. खैरपाड्याचा गोमा तुझ्याबरोबर कुठे कुठे जाऊन आला, त्याचा त्याला पत्ता नाही.

ज्येष्ठात तुला हॉस्पिटलात बघायला आले तेव्हा कॅन्सरनं तुझं काही उरलं नव्हतं. आवाज तेवढा होता. मी करवंदं आणली होती, तू एक तोंडात धरून बसलीस, गिळवत नव्हतं तरी. आजारी माणसाशी भांडू नये हे मला कळतं, पण तुझ्याशी दुसरं काही बोलताच येत नाही. मी विचारलं, खरं सांग, आता तरी सांग, इतकी वर्षं गप्प राहिलीस ती कामासाठीच ना?

तू म्हणालीस, "पहिली दोनतीन वर्षं कामासाठी, शरू. मग माझ्याच्यानं सांगवेना. मी येणार म्हटलं की तो सुनेला तांदळाच्या भाकरी करायला लावायचा गं."

आणि मग, सवयीप्रमाणे, मी जेवून आलेय का ते विचारलंस. त्या दिवशी मी तुला फार रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. त्याऐवजी मी तुझे पाय चेपत बसले. तुला आवडायचं ते मला माहीत होतं, आणि तुझ्यावर माझं किती प्रेम आहे हे पाय चेपण्यावाचून दुसऱ्या कुठल्या रीतीनं सांगावं ते मला कधी जमलं नाही. ते आता इथं लिहून टाकते. माझा सगळा दवाखाना, लोक मला आज जो मान देतात तो, तू शिकवलेल्या एका गोष्टीवर चाललाय, की बरा झालेला माणूससुद्धा आपला पेशंट असतो.

तुझा तेरावा झाला आणि गोमा माझ्या दवाखान्यात आला. धुतलेली टोपी, धुतलेलं धोतर. बाकावर बसून राहिला. पेशंट संपले तसा आत आला आणि तुझ्याबद्दल थोडं बोलला, डोळे पुसले. मग म्हणाला की सुनेचा भाऊ कारखान्यात कामाला आहे, तो चार माणसांत म्हणाला, आप्पाची माळ खोटी, सुईच खरी. तेव्हापासून झोप लागत नाही. रक्तवाल्या बाईंना विचारायचं मनात होतं, पण धीर झाला नाही.

"तुमाला इचारतो. तुमी फटकळ हाव, खोटं नाय बोलनार. माझ्या माळंनं कोनी बरं झालं का, बाय?"

नलू, इतकी वर्षं हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी सांगितलं. म्हटलं, नाही आप्पा, बरे झाले ते इंजेक्शननं.

"बायला ठाऊक होतं?"

"हो."

"पयल्यापासनं?"

"पहिल्यापासून."

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. गाठी मारून मारून वाकडी झालेली बोटं. मी घाईघाईनं सांगायला लागले की आप्पा, तुमच्यामुळे माणसं वेळेवर आली, तुम्ही पाठवली नसती तर आमची सुई कपाटातच राहिली असती, कितीतरी घरं तुमच्यामुळे उभी आहेत. हेही खरंच होतं. ते त्याच्या कानापर्यंत गेलं की नाही, कोण जाणे. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मला वाटलं व्हतं, बाय माझं काम बघाया येते. आता हे खोटं काम नाय करनार मी." आणि गेला. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं, पण त्याखाली हलकंही वाटलं. सत्य बोलून टाकलं की पाठ मोकळी होते तसं.

शब्दाचा पक्का माणूस. त्यानं माळ बंद केली. कुणी आलं की हात जोडायचा आणि सांगायचा, सरळ डॉक्टरणीकडे जा. श्रावणात चारदोन माणसं आली तशी. मग येईनात. मी आमच्या ह्यांना म्हटलं की यंदा ताप कमी दिसतोय. अगदी समाधानानं म्हटलं.

काल दुपारी टेंपो दारात थांबला. खैरपाड्याचा किसन, पंचविशीतला पोर. सकाळी शेतात आणि दुपारपाळीला रसायनीच्या कारखान्यात जाणारा. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, दोन दिवस लघवी नाही. आणि गळ्यात माळ. मी त्याच्या आईवर ओरडले, इतके दिवस कुठे होतात? ती बिचारी रडत म्हणाली, "आप्पा माळ देत नाय आता. मंग पल्याडच्या डोंगराकडं एक मानूस हाय, त्याच्याकडं नेला." मी विचारलं, आणि सुई? "तो सुईला नको म्हनतो. सुई लावली तं माळ उतरत नाय म्हनतो."

किसनला मी तसाच मुंबईला धाडला. आज सकाळी निरोप आला, जिवंत आहे, लघवी अजून नाही. पुढचं सांगता येत नाही म्हणाले. पण नलू, त्याची आई जाता जाता आणखी एक बोलून गेली. खैरपाड्यातली अजून तीन माणसं त्या पलीकडच्या माणसाची माळ घालून घरात पडून आहेत. आमची माळ उतरू दे, मग येतो डॉक्टरणीकडे, म्हणताहेत. आज सकाळी मी बॅग घेऊन तिथं जाऊन आले. तिघांनीही सुईला नकार दिला. एकाच्या बायकोनं दाराशी हात जोडले आणि सांगितलं की गोमाआप्पानं सांगितलं असतं तर घेतली असती, पण आता आप्पा काही सांगतच नाही, नुसते हात जोडतो.

आधी सुई घ्यायला लावून मग माळ घालणारा एकच माणूस या तालुक्यात होता. त्याला मी खरं सांगितलं.

म्हणून आता दुपारचा दवाखाना बंद ठेवून हे लिहितेय. चारची एसटी पकडून परत खैरपाड्याला जायचं आहे, या वेळी गोमाच्या घरी. त्याला सांगायचं आहे की आप्पा, त्या तिघांच्या दारात जा, त्यांच्या गळ्यातली माळ काढा आणि तुमची घाला, आधी माझी सुई आणि मग तुमची माळ. मी, शरयू, हे सांगायला निघालेय. तू असतीस तर ओट्यावर बसून हसली असतीस.

पण मला हसू येत नाही, कारण तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तो म्हणेल, बाय, तवा मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून घालू का?

इतकी वर्षं मी तुला टोचत राहिले की तू त्या म्हाताऱ्याला फसवतेस. दरवर्षी तू निमूट ऐकून घेतलंस आणि एकदाही उलट म्हणाली नाहीस की तो खरा राहावा म्हणून मी खोटी होते. त्याची माळ तो मनापासून घालायचा. जे खोटं होतं ते सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर होतं, आणि ते घेऊन तू त्याच्या घरी भाकरी खायचीस. आज मी ते त्याच्या हातात ठेवायला निघालेय. सत्तरीच्या माणसाच्या हातात.

त्यानं घेतलं तर तिघं वाचतील. एसटीची वेळ झाली. निघते गं.